शोधयंत्रांची पारख : सापडलेले आणि निसटलेले

गिरीश कार्नाड यांच्या नाटकांचे मराठीतील ग्रहण हा तौलनिक साहित्याभ्यासाचा परिचित विषय होय. माथेरानला १९३८ मध्ये जन्मलेल्या व २०१९ मध्ये बंगळूरला निधन पावलेल्या या कन्नड नाटककाराचा ‘तुघलक’ विजय तेंडुलकरांनी मराठीत आणला. या ग्रहणाचा मागोवा घेणारा अभ्यासक आता प्रथम आंतरजालाकडे वळतो. साहजिकच, कोणत्या शोधयंत्रावर विसंबावे हा प्रश्न त्याच्या निष्कर्षाशीच निगडित होतो.

सिरिल क्लेव्हर्डन यांच्या क्रॅनफील्ड येथील १९६०च्या दशकातील प्रयोगांपासून या पारखीच्या दोन कसोट्या रूढ झाल्या. यंत्राने दिलेल्या पृष्ठांपैकी उपयुक्त किती, ही अचूकता. अस्तित्वात असलेल्या उपयुक्त पृष्ठांपैकी यंत्राने दिली किती, ही समग्रता. रंगनाथनांच्या १९३१च्या पंचसूत्रांपैकी वाचकाचा वेळ वाचवण्याचे सूत्र पहिलीच्या, तर प्रत्येक ग्रंथाला वाचक मिळवून देण्याचे सूत्र दुसरीच्या जवळचे आहे. (बंगळूरचे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र १९६२ मध्ये त्यांनीच उभारले.)

अचूकता मोजणे सोपे. पृष्ठे समोरच असतात. समग्रतेसाठी मात्र अनेक यंत्रांचे निकाल एकत्र करून जाणकारांकडून तपासून घेतात. समजा, एका यंत्राने १० पृष्ठे दिली, त्यांतील ८ उपयुक्त. दुसऱ्याने ३० दिली, उपयुक्त १५. दोहोंत समान ५. एकूण उपयुक्त पृष्ठे १८. पहिल्याची अचूकता ८० टक्के, समग्रता सुमारे ४४. दुसऱ्याची अनुक्रमे ५० व ८३. घाईतला वाचक पहिले यंत्र निवडील. ग्रहणाच्या अभ्यासकाने दुसरेच निवडले पाहिजे.

तथापि, जे पृष्ठ एकाही यंत्राला गवसले नाही ते या हिशेबात येतच नाही, आणि मराठीत हा धोका मोठा आहे. कार्नाड व कर्नाड, बंगळूर, बंगळुरू व बंगलोर अशी लेखने शेजारी-शेजारी नांदतात. त्यात ‘कार्नाडांच्या’, ‘बंगळुरात’ ही सामान्यरूपे. २००८ पासून भरणाऱ्या ‘फायर’ या मूल्यमापन-मंचाने मराठी वृत्तपत्रीय मजकुराचा चाचणीसंग्रह सिद्ध केला. त्याची २०१४ची परिषद बंगळुरातच झाली. प्रत्यय वेगळे करून मूळ शब्द शोधल्यास मराठीतील समग्रता वाढते. लेखनभेदाचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

म्हणून अभ्यासकाने आधीपासून ठाऊक असलेल्या मराठी समीक्षालेखांवर यंत्र पारखून पाहावे. पुढे ‘मराठीत प्रतिसाद आढळत नाही’ असे विधान करायचे झाल्यास कोणते यंत्र, कोणती लेखनरूपे आणि कोणता दिनांक, हे त्या विधानालगतच नोंदवावे.