नियोजन रिकाम्या थांब्यांचे

भिवंडीच्या गोदामातून दिल्लीकडे निघणाऱ्या मालमोटारीच्या बिल्टीवर दोनच ठिकाणांची नावे असतात : माल भरण्याचे आणि माल उतरविण्याचे. सुमारे 1,400 किलोमीटरच्या या वाटेवर गाडी प्रत्यक्षात अनेकदा थांबते. या थांब्यांवर एकही नग चढत वा उतरत नाही, त्यामुळे बिल्टीत त्यांची नोंद नसते. खर्चाच्या वहीत मात्र ती होतेच. कर्ज काढून एक-दोन गाड्या घेतलेल्या मालकांचा हिशेब पुष्कळदा येथेच चुकतो.

थांब्यांचे तीन प्रकार

पहिला प्रकार आवश्यक थांब्यांचा. डिझेल, टायरची तपासणी, वजनकाटा आणि चालकाची विश्रांती यांचा त्यात समावेश होतो. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे काम आठ तासांपुरते मर्यादित केले होते आणि पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आवश्यक ठरविली होती. त्यामागील विचार आजही तितकाच खरा आहे. विश्रांतीत वाचविलेले तास एका अपघातात कित्येक पटींनी गमवावे लागतात.

दुसरा प्रकार वेळेच्या बंधनातून निर्माण होणाऱ्या थांब्यांचा. अनेक मोठ्या शहरांत अवजड वाहनांना दिवसाच्या ठराविक वेळी प्रवेशबंदी असते. रात्रभर चालून सकाळी वेशीवर पोहोचलेल्या गाडीला मग संध्याकाळपर्यंत खोळंबून राहावे लागते. ही वेळ आधीच लक्षात घेतली, तर चालकाची मोठी विश्रांती, डिझेल आणि किरकोळ दुरुस्ती याच काळात उरकता येते. दोन थांब्यांचे काम एकाच थांब्यात होते.

ई-वे बिलाचा विचारही येथेच करावा लागतो. सर्वसाधारण मालासाठी 1 जानेवारी 2021 पासून दर 200 किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. लांबच्या प्रवासात ती सहसा पुरते. जवळच्या प्रवासात मात्र एक अनपेक्षित मुक्कामही ती संपवू शकतो. मुदतवाढ घ्यावयाची असल्यास मुदत संपण्यापूर्वी आठ तास किंवा संपल्यानंतर आठ तास एवढाच अवधी मिळतो. तो टळल्यास माल वाटेत अडविला जाण्याचा संभव असतो.

तिसरा प्रकार सर्वांत खर्चिक : परतीच्या मालाच्या प्रतीक्षेतील थांबा. माल उतरवून झाल्यावर गाडी ट्रान्सपोर्ट नगरात उभी राहते आणि चांगल्या भाड्याची वाट पाहण्यात दिवस जातात.

एक काल्पनिक हिशेब

समजा, उभ्या गाडीचा दिवसाचा खर्च 3,500 रुपये आहे. त्यात कर्जाच्या हप्त्याचा हिस्सा 2,000 रुपये, तर भत्ता, पार्किंग, विमा व कर यांचे मिळून 1,500 रुपये. भरलेल्या गाडीचा चालविण्याचा खर्च किलोमीटरला 30 रुपये आणि रिकाम्या गाडीचा 24 रुपये धरू. प्रवासाच्या दिवसांचा स्थिर खर्च पुढील दोन्ही पर्यायांत सारखाच असल्याने तो येथे धरलेला नाही.

पहिला पर्याय : दिल्लीत चार दिवस थांबून थेट भिवंडीचे 56,000 रुपये भाडे घेणे. प्रतीक्षेचे 14,000 आणि प्रवासाचे 42,000 वजा जाता हाती काहीच उरत नाही.

दुसरा पर्याय : परतीच्याच वाटेवर, सुमारे 375 किलोमीटरवर असलेल्या राजस्थानातील किशनगढ या संगमरवराच्या बाजारपेठेपर्यंत रिकामे जाणे, तेथे एक दिवस थांबणे आणि 52,000 रुपये भाड्याचा माल घेणे. रिकाम्या प्रवासाचे 9,000, प्रतीक्षेचे 3,500 आणि उरलेल्या 1,025 किलोमीटरचे 30,750 मिळून खर्च 43,250 रुपये होतो. शिल्लक 8,750 रुपये; शिवाय गाडी तीन दिवस आधी मोकळी होते.

भाडे कमी असूनही दुसरा पर्याय सरस ठरतो. अर्थात, किशनगढला माल मिळेल याची चौकशी दूरध्वनीवरून आधीच केलेली असावी. अन्यथा तेथेही चार दिवस थांबावे लागून प्रतीक्षेची केवळ जागा बदलेल.

नियोजनाची पद्धत

गाडी निघण्यापूर्वीच मार्गपत्रकात प्रत्येक थांब्याची स्वतंत्र ओळ असावी : ठिकाण, कारण, अपेक्षित वेळ आणि खर्च. मालाच्या रकान्यात ‘निरंक’ लिहावे लागले, तरी ती ओळ गाळू नये. परतीच्या मालासाठी प्रतीक्षेची कमाल मर्यादाही तेथेच नोंदवावी. ती संपताच पुढील बाजारपेठेकडे निघावयाचे की कमी भाडे स्वीकारावयाचे, हे आधीच ठरलेले असले म्हणजे चालकाला वाटेत अडून बसावे लागत नाही. फेरीनंतर अंदाज आणि प्रत्यक्ष यांचा मेळ घातल्यास पुढील पत्रक अधिक अचूक होते.

बँकेच्या दृष्टीनेही ही ओळ महत्त्वाची आहे. वाहनकर्जाचा हप्ता गाडी धावत असली काय किंवा उभी असली काय, ठरलेल्या तारखेलाच येतो आणि तो 90 दिवसांहून अधिक थकल्यास खाते अनुत्पादक मालमत्तेत वर्ग होते. म्हणून कर्जप्रस्तावाची छाननी करताना महिन्यातील फेऱ्यांच्या संख्येबरोबरच दोन फेऱ्यांमधील उभ्या दिवसांचीही विचारणा व्हावी. ग्राहकानेही ती माहिती मोकळेपणाने द्यावी. रिकामे दिवस वगळून दाखविलेले उत्पन्न कर्ज मिळवून देईल. ते फेडण्यास मात्र उपयोगी पडणार नाही.