अर्ध्या ग्रॅमची मालगाडी

बोईसर स्टेशनातून धडधडत जाणारी मालगाडी पाहिली आहे ना? साठेक वाघिणी, सुमारे 4,000 टन माल, इंजिनापासून शेपटापर्यंत साडेसहाशे मीटर. आज हीच आपली मोजपट्टी. मोजायचा आहे आपल्याच अंगातला माल, आणि तो भरतो जेमतेम अर्धा ग्रॅम!

स्वस्थ पडलेला माणूस मिनिटाला सुमारे पाव लिटर ऑक्सिजन वापरतो. दिवसाला 360 लिटर, म्हणजे पाण्याचे 20 लिटरवाले 18 जार भरतील इतका. बहुतेक सगळा पेशींच्या चुलीत नीट जळतो. थोडा मात्र वाटेत एक जादा इलेक्ट्रॉन उचलतो आणि बिथरतो. हाच सुपरऑक्साइड, अशा बिथरलेल्या रेणूंच्या, म्हणजे फ्री रॅडिकलांच्या घराण्याचा मूळपुरुष. किती बिथरतो, यावर शास्त्रज्ञांचे अंदाज वेगवेगळे आहेत. आपण हजारात एक रेणू धरू. दिवसाचा झाला अर्धा ग्रॅम. आणि रेणू? दहा कोटी कोटी कोटी!

आता प्रत्येक रेणूच्या जागी वाडा कोलम तांदळाचा एक दाणा ठेवा. ग्रॅमला 100 दाणे धरले, तर हा तांदूळ वाहायला 2,500 कोटी मालगाड्या लागतील. एकीमागे एक उभ्या करा. मुंबई-पुणे अंतर दहा कोटी वेळा भरून निघेल. सूर्य आपल्यापासून 15 कोटी किलोमीटरवर. ही रांग त्याच्यापर्यंतचं अंतर शंभराहून जास्त वेळा कापेल. हा एका माणसाचा एका दिवसाचा हिशेब, तोही नुसतं अंथरुणात पडून!

आता त्याच माणसाच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे असं समजा. रक्तस्राव आवरायला बऱ्याचदा मांडीला पट्टा आवळतात, कधी तासभर, कधी त्याहून जास्त. पाय रक्तावाचून तिष्ठतो. पट्टा सुटतो, ऑक्सिजन घेऊन रक्त धो धो परततं आणि फ्री रॅडिकलांचा लोंढा उसळतो. त्यात जखमेकडे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावतात. अस्थिमज्जा त्या एरवीही दिवसाला 10,000 कोटी घडवते, सेकंदाला साडेअकरा लाख. 2011 च्या जनगणनेनुसार पालघर जिल्ह्याच्या भागातली लोकसंख्या सुमारे 30 लाख. तीन सेकंद होण्याआधीच अख्खा जिल्हा तयार! या पेशींचं हत्यारही सुपरऑक्साइडच. जंतू मरतात, पण शेजारच्या वेदनेच्या नसाही चेतवल्या जातात. टाक्यांच्या कडा लाल होतात, हाताला गरम लागतात, चादरीचा स्पर्शही नकोसा वाटतो. त्या ठणक्यात या माऱ्याचाही वाटा असतो.

या घराण्यातला सगळ्यात खुनशी हायड्रॉक्सिल. तारापूरच्या अणुभट्टीतल्या पाण्यातही किरणोत्साराने हाच जन्मतो. शरीरात त्याचं आयुष्य सुमारे एक नॅनोसेकंद. ते ताणून एक सेकंदाचं केलं, तर आपला एक सेकंद जवळपास 32 वर्षांचा होईल!

मग आपण टिकतो कसे? तारापूर अणुवीज केंद्र सुरू झालं 1969 मध्ये. त्याच वर्षी अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइडला निष्प्रभ करणारं एन्झाइम जगापुढे मांडलं. त्या झटापटीत उरतो हायड्रोजन पेरॉक्साइड. तो फोडायला कॅटलेज हे दुसरं एन्झाइम हजर. कॅटलेजचा एकच रेणू सेकंदाला दहा लाखांहून जास्त रेणू फोडू शकतो. सेकंदाला एक नोट मोजणाऱ्या कॅशियरला दहा लाख नोटांना, जेवणझोप सोडून, साडेअकरा दिवस लागतील!

आणि बाहेरची कुमक? 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी मनगट मोडलेल्या रुग्णांना फ्री रॅडिकलांना आवरणारं क जीवनसत्त्व 50 दिवस रोज 500 मिलिग्रॅम दिलं. पुन्हा अर्धाच ग्रॅम! औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांत शंभरामागे 22 जणांना हाड जुळल्यावरही चिवट, जळजळती वेदना जडली; क जीवनसत्त्व घेणाऱ्यांत 7. सगळ्या 50 दिवसांचं औषध मिळून 25 ग्रॅम, पाच-सहा चमचे साखरेएवढं. पुढच्या प्रत्येक चाचणीत इतका फरक दिसला नाही, तेव्हा ऑपरेशन ठरलं असेल तर गोळी आपल्या मनाने सुरू करू नका, आधी सर्जनना विचारा. पेरू मात्र खुशाल खा. दोन मोठ्या पेरूंत तेवढं क जीवनसत्त्व सहज मिळतं.