औंधच्या डोंगरावरचा चित्रखजिना

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील औंध हे यमाईचे गाव. पुण्यातले औंध वेगळे. साताऱ्यापासून हे गाव सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. पुण्याहून शनिवारी सकाळी निघाले, तर दुपारच्या जेवणापर्यंत औंध गाठता येते. गावात यमाईचे मंदिर, दीपमाळ आणि संस्थानचा वाडा. वर डोंगरावर देवीचे मूळपीठ. याच डोंगराच्या उतारावर श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे.

औंधचे संस्थानिक भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी १९३८ मध्ये हे संग्रहालय उभारले. सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण ते स्वतः चित्रकार होते, कीर्तनही करत. रामायणावर त्यांनी चित्रमालिका काढली. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी एक लाख रुपये देऊ केले, तेही आवृत्ती सचित्र व्हावी या इच्छेने. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी ते चित्रकारांना घेऊन लेण्यांत गेले. मुंबई-पुण्याबाहेरच्या एका खेड्यात इतके मोलाचे चित्रधन का, याचे उत्तर या माणसाच्या हौसेत आणि जाणकारीत आहे.

दालनांत राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे आहेत. ज्यांनी रविवर्मा फक्त छापील तसबिरींत पाहिले, त्यांनी इथे जरा थांबावेच. जवळून पाहताना जरीचा काठ म्हणजे पिवळ्या-तपकिरी रंगाचे सुटे फटकारे दिसतात; चार पावले मागे सरकले की त्यांचीच जर होते. छापील प्रतीत हे हरवते. धुरंधर आणि बाबूराव पेंटर यांची कामेही संग्रहात आहेत. पुढे वेदाभ्यासक म्हणून नावाजलेले श्रीपाद दामोदर सातवळेकर मुळात चित्रकार, आणि औंधातच ते अनेक वर्षे राहिले. ‘किरातार्जुनीय’ या संस्कृत काव्यावरची पहाडी शैलीतील चित्रे आकाराने लहान, म्हणून घाईत सुटतात; ती सावकाश पाहावीत. युरोपीय चित्रांच्या नकला, हस्तिदंत आणि चंदनावरचे कोरीवकाम यांवरून नजर फिरवली तरी चालेल.

खरा धक्का देते ते हेन्री मूर यांचे दगडी माता-बालक. मूर हे विसाव्या शतकातले मोठे इंग्रज शिल्पकार. चेहऱ्याचे बारकावे त्यांनी जवळजवळ गाळले आहेत. आई आणि मूल दगडातून पूर्ण सुटलेलेच नाहीत. रविवर्म्यांच्या नटलेल्या नायिकांनंतर हे शिल्प पाहिले, की सौंदर्याच्या दोन टोकांच्या कल्पना एकाच छताखाली भेटतात. मूर जगभर गाजण्याआधीच्या काळातले हे काम औंधला आले, हे बाळासाहेबांच्या पारखी नजरेचे मोठे प्रमाण आहे.

आता संग्रहालय राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. ते धावत पाहण्यात अर्थ नाही. किमान दोन-तीन तास द्यावेत आणि शक्य तर मुक्काम करावा. रविवारी सकाळी उन्हे चढण्याआधी मूळपीठ गाठावे. वरून खटावचा माळ लांबवर दिसतो. पौषातल्या यात्रेत गावात मोठी गर्दी असते, त्यामुळे निवांत चित्रे पाहायची असतील तर ते दिवस टाळावेत. परतताना साताऱ्यात कंदी पेढे घेऊन संध्याकाळपर्यंत पुणे गाठता येते.