अतिदक्षता विभागातून घरी परतल्यानंतर

अतिदक्षता विभागातून रुग्ण सुखरूप बाहेर आला की नातेवाइकांच्या जिवात जीव येतो. व्हेंटिलेटर निघतो, ऑक्सिजन सुटतो आणि घरी जाण्याचा कागद हाती पडतो. परंतु महिना-दीड महिन्याने हीच मंडळी चिंतेने विचारतात, "डॉक्टरसाहेब, रिपोर्ट चांगले आहेत, मग यांना उठवत का नाही?" या प्रश्नाचे उत्तर आमचे दाते, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्यापुढे मांडावे, हा या लेखाचा हेतू आहे.

आपल्या जिल्ह्याने कोविड-१९ची झळ सुरुवातीपासूनच सोसली. मालेगाव व मुंबई येथील बंदोबस्तावरून परतलेल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या हिंगोलीतील जवानांना २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत लागण झाली. पुढील वर्षी दुसऱ्या लाटेत हिंगोलीचे माजी लोकसभा सदस्य व तत्कालीन राज्यसभा सदस्य राजीव सातव यांना पुण्यातील जहांगीर रुग्णालयात दाखल करण्यात आले. कोविडमधून ते सावरत असतानाच सायटोमेगॅलोव्हायरस या दुसऱ्या विषाणूचा संसर्ग आढळला आणि १६ मे २०२१ रोजी, वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. हा विषाणू अनेकांच्या शरीरात सुप्तावस्थेत असतो व प्रतिकारशक्ती खालावली की डोके वर काढतो. मूळ संसर्ग ओसरला तरी शरीर किती दुबळे झालेले असते, हे या दुःखद घटनेने साऱ्या जिल्ह्याला दाखवून दिले.

शरीरात काय घडते?

गंभीर आजारात शरीर स्वतःचेच स्नायू खर्ची घालते. लंडन येथील तज्ज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अतिदक्षता विभागातील पहिल्या दहा दिवसांतच मांडीच्या स्नायूच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्याआधी २००३ मध्ये टोरांटोच्या डॉक्टरांनी फुफ्फुसे निकामी होऊन बचावलेल्या १०९ रुग्णांची वर्षभर पाहणी केली. बहुतेकांची फुफ्फुसे बऱ्याच अंशी सुधारली होती. तरीही वर्षाअखेर जेमतेम निम्मेच कामावर परतू शकले. त्यांना अडवीत होता तो मुख्यत्वे स्नायूंचा अशक्तपणा. 'रिपोर्ट चांगले, पण उठवत नाही' याचा उलगडा येथे होतो. यास आळस समजून रुग्णास बोल लावू नये.

घशातील नळीमुळे आवाज घोगरा होतो, गिळताना ठसका लागतो. क्वचित काही आठवड्यांनी श्वासनलिका आतून आकसते व श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो. त्यास दमा समजून घरगुती उपाय करीत बसणे धोक्याचे आहे. प्राण वाचविणाऱ्या स्टिरॉइड औषधांनी रक्तातील साखर वाढू शकते. काही रुग्णांत खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खंडित होतो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०२१ मध्ये कोविडनंतरचे असे तीन रुग्ण नोंदविले. म्हणून जांघेतील दुखणे अंगावर काढू नये.

मनावरील आघात

अतिदक्षता विभागात दिवस-रात्रीचे भान हरपते. गुंगीची औषधे, ताप व यंत्रांचे आवाज यांमुळे रुग्णास भास होतात. घरी आल्यावरही भीतिदायक स्वप्ने पडतात, झोप उडते, विसरभोळेपणा येतो. मोंढ्यातील हळदीचा हिशेब तोंडपाठ ठेवणारा शेतकरी साध्या बेरजेत अडखळतो आणि मनातून खचतो. हे वेड नव्हे. आजाराचाच तो एक भाग होय. दिवसरात्र बाहेर बसून राहिलेल्या नातेवाइकांनाही असाच त्रास होऊ शकतो. शरीर, बुद्धी व मन यांच्या या एकत्रित तक्रारींना वैद्यकशास्त्राने २०१२ मध्ये 'अतिदक्षतेनंतरचा लक्षणसमूह' अशा अर्थाचे नाव दिले.

कुटुंबीयांनी काय करावे?

डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट यांच्या सल्ल्याने हालचाल लवकर सुरू करावी: आधी खाटेवर बसणे, मग आधाराने उभे राहणे, मग अंगणात फेऱ्या. रोज थोडे वाढवावे. दम लागल्यास थांबावे. आहारात डाळी, शेंगदाणे, दूध, चालत असल्यास अंडी असावीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र आधी विचारावे. पेरणी तोंडावर आली म्हणून रुग्णास घाईने शेतात नेऊ नये. आजारपणात काय काय घडले, हे त्यास शांतपणे सांगावे. काही देशांत नातेवाईक व परिचारिका यासाठी रुग्णाची दैनंदिनी लिहून ठेवतात. हरवलेले दिवस जुळविण्यास तिची मदत होते.

धाप अचानक वाढणे, छातीत दुखणे, एका पायास सूज येणे, पुन्हा ताप येणे, चेहऱ्याची एक बाजू दुखणे अथवा नाकातून काळसर स्राव येणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दात्यांना विनंती

शासकीय योजनांचा आधार मुख्यत्वे दाखल असतानाच्या उपचारांना मिळतो. त्यानंतरचे महिने कुटुंबाच्या खिशावर पडतात. सेनगाव किंवा औंढ्याच्या एखाद्या खेड्यातून तपासणीस यायचे तर गाडीभाडे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, औषधे असा खर्च होतो आणि पुढची फेरी चुकते. देणगीतून घेतलेले यंत्र सर्वांना दिसते. फिजिओथेरपिस्टने रुग्णाला धरून चालविलेली दहा पावले कोणत्याही फलकावर कोरली जात नाहीत. परंतु ज्या माणसास आपण सर्वांनी मिळून वाचविले, तो पुन्हा स्वतःच्या पायांवर उभा राहतो की नाही, हे त्या दहा पावलांवरच ठरते. पुढील वर्षी आपल्या दानाचा काही वाटा या कामी द्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे.