मनोरुग्णाला बांधायचे की त्याच्याशी बोलायचे?

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे पहाटे आग लागली आणि एका खाजगी मनोरुग्ण निवासातील २८ माणसे मरण पावली. त्यांना पळता आले नाही, कारण ती साखळदंडाने बांधलेली होती. ही आग लागली म्हणून देशाला एरवाडी कळले. लागली नसती, तर ती माणसे बांधलेलीच राहिली असती आणि कोणाला त्याची खबरही लागली नसती.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून देशात लागू झाला. रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणे या कायद्याने बंद केले. एकट्याला कोंडून ठेवणे, सक्तीने मुंडण करणे, भूल न देता विजेचे झटके देणे हे सारे निषिद्ध ठरले. १९१२ च्या जुन्या कायद्याचे नावच मुळी वेड्यांचा कायदा असे होते. तेव्हापासून येथवर यायला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. या कायद्यातील एक तरतूद तर आपल्या वाचकांनी दोनदा वाचावी अशी आहे. एखाद्याचा सामाजिक किंवा आर्थिक दर्जा, त्याचा धर्म, त्याचा सांस्कृतिक गट, किंवा समाजात रूढ असलेली मूल्ये तो मानत नाही, एवढ्या कारणावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. रूढी झुगारणाऱ्याला ‘डोके फिरले आहे’ म्हणण्याची या देशाची सवय किती जुनी आहे, हे आपल्याला माहीत आहे.

पण कायदा वॉर्डात रात्रपाळी करत नाही. ती करते सिस्टर, ब्रदर, आया आणि वॉर्डबॉय. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची जुनी मनोरुग्णालये आहेत. तेथे काय किंवा जिल्हा रुग्णालयात काय, डॉक्टर राऊंड घेऊन जातात. उरलेला दिवस आणि अख्खी रात्र रुग्ण परिचारिकेसमोर असतो. सर्वसाधारण नर्सिंगच्या शिक्षणात या विषयासाठी मिळतात ते काही आठवडे! तेवढ्या शिदोरीवर भडकलेल्या माणसासमोर उभे राहायचे असते.

आणि उभे कसे राहायचे, हेच तर खरे कौशल्य आहे. रुग्ण खवळला की चौघांनी त्याच्यावर धावून जायचे नसते. एकानेच बोलायचे, हळू आवाजात, छोट्या वाक्यात. दोन हात अंतर ठेवायचे, दाराची वाट त्यालाही आणि स्वतःलाही मोकळी ठेवायची. बघ्यांना बाहेर काढायचे, टीव्ही बंद करायचा. ‘शेजारी माझ्या जेवणात विष घालतात’ असे तो म्हणाला तर त्याला खोटे पाडायचे नाही, आणि होला होही म्हणायचे नाही. ‘तुम्हाला फार भीती वाटत असेल’ असे म्हणायचे, कारण भीती तरी खरी असते. त्याच्यासमोर कुजबुज नको, हसणे तर मुळीच नको. मरणाची भाषा करणाऱ्याला ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा निव्वळ गैरसमज आहे. उलट कोणीतरी विचारले म्हणून माणूस मोकळा होतो.

औषधांचेही तसेच. हॅलोपेरिडॉलसारखे औषध सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत एखाद्या रुग्णाची मान अचानक वाकडी होते, डोळे वर फिरतात, जबडा आवळतो. घरचे घाबरतात. ‘अंगात आले’ म्हणत देवऋषाकडे नेतात आणि गोळ्या कायमच्या सुटतात. वास्तविक हा औषधाचा परिणाम असतो. योग्य इंजेक्शनने तो बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. लिथियम घेणाऱ्याला जुलाब लागले, हात थरथरू लागले, बोलणे जड झाले, तर ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो. सुट्टी देताना सिस्टरने एवढे दोन शब्द नातेवाइकांना समजावून सांगितले तर किती रुग्ण मांत्रिकाच्या हातून वाचतील! भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला त्याच वर्षी हा कायदा आला, हेही विसरता येत नाही.

बौद्ध वाङ्मयात पटाचारेची कथा आहे. नवरा, दोन मुले, आईवडील सारे गमावलेली ही बाई भान हरपून विवस्त्र भटकत होती. लोक तिला वेडी म्हणत, ढेकळे मारत. बुद्धांकडे ती आली तेव्हा लोकांनी तिला अडवले. बुद्धांनी येऊ दिले. तिला बहीण म्हणून हाक मारली. कोणीतरी अंगावरचे वस्त्र दिले. आधी जवळ येऊ देणे, मग हाक, मग लज्जारक्षण, आणि समजावणे त्यानंतर. आजची परिचारिका शिकते तो क्रम याहून फार वेगळा नाही.

राहिला प्रश्न आया आणि वॉर्डबॉय यांचा. रुग्णाला अंघोळ घालणे, घाण काढणे, धरून ठेवणे ही कामे जे करतात, ते कोणत्या वस्त्यांतून येतात हे वेगळे सांगायला नको. अनेक ठिकाणी ते कंत्राटी असतात, प्रशिक्षणाशिवाय कामाला लावले जातात, आणि रुग्णाला मार लागला की पहिला बळीही त्यांचाच जातो. अधिकाऱ्याला कोणी विचारत नाही. त्यांना पगारी प्रशिक्षण आणि कायम नोकरी मिळाली पाहिजे, ही मागणी कामगार संघटनांनी लावून धरली पाहिजे.

ज्यांचे माणूस आज दाखल आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. रुग्णापासून स्वतःला किंवा दुसऱ्याला तात्काळ इजा होण्याचा धोका असेल आणि दुसरा उपायच नसेल, तरच त्याला जखडून धरता येते. त्याला मनोविकारतज्ज्ञाची परवानगी लागते, कारण आणि वेळ केसपेपरवर लिहावी लागते, आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला चोवीस तासांच्या आत कळवावे लागते. भेटीला गेल्यावर मनगटावर वळ दिसले तर ती नोंद दाखवा म्हणावे. नोंद नसेल तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे लेखी तक्रार करावी, आणि तिची पोच घ्यावी.