प्रत्यागती आणि लक्ष्यदुर्बीण : निवडीचे भौतिक निकष

प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक आपण दोन्ही हातांनी सांभाळून उचलतो. त्याच जातीची भिंगे असलेली रायफलीवरील लक्ष्यदुर्बीण मात्र प्रत्येक बारागणिक हातोड्याचा घाव बसावा तसा आघात सोसते, आणि तो सोसूनही तिची दृक्-रेषा तसूभर ढळू नये अशी आपली अपेक्षा असते. ही अपेक्षा पुरी न झाल्यास काय होते, हे आफ्रिकेत रानरेड्याच्या शिकारीवर जाणारे जाणतात. ढळलेल्या दुर्बिणीने जनावर मरत नाही, जखमी होते. आणि दाट झुडपांत त्याचा माग काढताना माणसांचे प्राण धोक्यात येतात. तेव्हा भारी प्रत्यागती सोसणारी दुर्बीण कशी ओळखावी, हा प्रश्न केवळ हौसेचा नव्हे.

प्रथम आघाताचे मान पाहू. हॉलंड अँड हॉलंड या इंग्लिश कंपनीने १९१२ साली प्रचारात आणलेले .३७५ मॅग्नम हे काडतूस उदाहरणादाखल घेऊ. त्याची गोळी सुमारे १९.४ ग्रॅम वजनाची असून ती सेकंदाला सुमारे ७७० मीटर वेगाने नळीबाहेर पडते; म्हणजे तिचा संवेग सुमारे १५ एकके (किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद) होतो. सुमारे ५ ग्रॅम दारूचा वायू सरासरी १,२०० मीटर वेगाने निसटतो असे धरल्यास आणखी ६ एकके मिळतात. संवेगाच्या अक्षय्यतेनुसार ही २१ एकके रायफलीला उलट दिशेने मिळतात. दुर्बिणीसह रायफलीचे वजन ४ किलोग्रॅम असेल, तर तिचा मागे येण्याचा वेग सेकंदाला सुमारे ५.२ मीटर आणि गतिज ऊर्जा सुमारे ५५ जूल होते. सुपरिचित .३०-०६ काडतुसासाठी, तितक्याच वजनाच्या रायफलीत, हीच ऊर्जा २५ जुलांच्या आसपास येते.

परंतु येथेच एक सामान्य गैरसमज दूर केला पाहिजे. खांद्याला जाणवतो तो धक्का आणि दुर्बिणीला मोडतो तो धक्का एक नव्हेत. खांदा दबत दबत ऊर्जा शोषतो. दुर्बिणीच्या अंतर्भागाला मात्र प्रवेग सोसावा लागतो. वरील वेग सुमारे दोन सहस्रांश सेकंदात प्राप्त होतो असे मानल्यास सरासरी प्रवेग गुरुत्वप्रवेगाच्या २६० पटींहून अधिक येतो. क्षणिक कमाल मूल्य त्याहूनही मोठे असते. अर्धा किलोग्रॅम वजनाची दुर्बीण या प्रवेगाने ओढून नेण्यास सुमारे १,३०० न्यूटन, म्हणजे १३० किलोग्रॅम वजनाइतके बल लागते, आणि हे सारे बल दोन कड्या व चार-सहा स्क्रू यांतूनच पोहोचते. बल वस्तुमानाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे पहिला निकष आपोआप निघतो : भारी रायफलीवर दुर्बीण हलकी असावी. मोठे वस्तुभिंग आणि भारी वर्धन हा तेथे गुण नसून भार होय. रानरेड्यासारख्या जवळच्या लक्ष्यासाठी एक ते चार पट वर्धन पुरते.

दुसरा निकष अंतर्रचनेचा. दुर्बिणीच्या मुख्य नळीत प्रतिमा सुलट करणाऱ्या भिंगांची एक लहान नळी असते. ती एका टोकाशी खिळीवर फिरते व दुसऱ्या टोकाशी एका स्प्रिंगेने समायोजन-स्क्रूंवर दाबून धरलेली असते. स्प्रिंग दुबळी असेल, तर आघातासरशी नळी स्क्रूवरून उचलली जाऊन किंचित निराळ्या जागी बसते व नेम सरकतो. म्हणून या स्प्रिंगेचा जोर, भिंगांची पक्की बैठक आणि सलग धातूतून घडविलेली मुख्य नळी या गोष्टी पाहाव्यात. तारांच्या क्रॉसरेषांपेक्षा काचेवर कोरलेल्या रेषा अशा कामी अधिक विश्वसनीय, कारण त्यांना तुटण्यास वाव नाही.

तिसरा निकष नेत्रांतराचा. डोळा आणि नेत्रिका यांतील अंतर ७५–८० मिलिमीटर असेल, तर भारी रायफल मागे येताना नेत्रिकेची कड भुवईत रुतते. हे अंतर १०० मिलिमीटर किंवा अधिक असलेले बरे.

चौथा निकष बैठकीचा. रायफल मागे जाते तेव्हा दुर्बीण जडत्वामुळे जागीच राहू पाहते, म्हणजे रायफलीच्या सापेक्ष पुढे सरकते. म्हणून आडव्या खाचांच्या पट्टीवर कडी बसविताना ती नळीच्या तोंडाकडे ढकलून, खाचेच्या पुढील भिंतीला टेकवून मगच आवळावी. आवळणेही निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेतच करावे. अतिरेकाने मुख्य नळी चेपते.

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकारीस बंदी असल्याने हा विचार आपल्याला अप्रस्तुत वाटेल. तथापि स्प्रिंगेच्या हवाई बंदुकीची गोष्ट निराळी आहे. तिचा दट्ट्या पुढे झेपावताना बंदूक मागे येते आणि तो हवेच्या गादीवर अडताच बंदूक पुढे हिसकली जाते. खांद्याला हा धक्का नगण्य वाटतो. पण केवळ मागील आघात गृहीत धरून बांधलेली महागडी दुर्बीणही या दुहेरी आघाताने निकामी होऊ शकते. अशा बंदुकीसाठी तिच्याकरिताच बनविलेली दुर्बीण घ्यावी.

शेवटी परीक्षा. कडीलगत दुर्बिणीच्या नळीवर पेन्सिलीची रेघ ओढावी, टेकूवरून एक गट मारावा, मग वीसेक बार काढून पुन्हा त्याच बिंदूवर नेम धरावा. गट सरकला आणि रेघही सरकली, तर दोष प्रथम बैठकीत शोधावा. रेघ जागेवर असून पट्टीचे स्क्रूही घट्ट असतील, तर संशय दुर्बिणीच्या अंतर्भागावर येतो. ही परीक्षा चांदमारीच्या मैदानावर व्हावी. झुडपांत जखमी रेडा समोर असताना ती घेण्याची पाळी येऊ नये.