पीळ कुठे जातो?

मझ्दा मियाटा ही दोन माणसांची, टप उघडणारी छोटी गाडी 1989 साली शिकागोच्या वाहन प्रदर्शनात पहिल्यांदा दिसली. इंजिन 1.6 लिटरचं, वजन हजार किलोच्याही आत. अमेरिकेतल्या हौशी मंडळींना तिच्यात वेगळंच काही दिसलं. त्यांनी ते इंजिन उचलून बाहेर काढलं आणि त्या जागी 1997 च्या कॉर्व्हेटमधलं एलएस-1 बसवलं. आठ सिलिंडर, 5.7 लिटर. ऐकताना हे शक्यच वाटत नाही, पण या इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे आणि एकच कॅमशाफ्ट सिलिंडरांच्या दोन ओळींमधल्या घळीत दडवलेला आहे. त्यामुळे ते अंगापिंडानं दिसतं त्यापेक्षा आटोपशीर असतं. थोडी कापाकापी केली की बॉनेट बंद होतं. खरी मजा पुढे आहे. इंजिनाला काहीच होत नाही, मोडतं ते त्याच्या मागचं.

आधी आकडे पाहू. मूळ मियाटाचं इंजिन सुमारे 136 न्यूटन-मीटर पीळ देतं. (टॉर्क म्हणा हवं तर. मला पीळ हा शब्द जास्त खरा वाटतो.) पहिल्या गिअरमध्ये तो 3.136 पट होतो, डिफरेन्शियलमध्ये आणखी 4.3 पट. म्हणजे चाकांपाशी, घर्षणातली घट सोडली तर, 1,830 च्या आसपास. कॉर्व्हेटचं इंजिन 475 देतं. कॉर्व्हेटचेच गिअर धरले, पहिला 2.66 आणि डिफरेन्शियल 3.42, तर चाकांपाशी 4,300 च्या वर. आणि तिसऱ्या गिअरमध्ये? साधारण 2,100. म्हणजे मूळ गाडी पहिल्या गिअरमध्ये जीव तोडून जेवढा पीळ द्यायची, त्याहून जास्त ही गाडी तिसऱ्यात सहज देते.

मग मागचा लोखंडी संसार पहिल्याच दिवशी का मोडत नाही?

याचं उत्तर जुन्या वाड्याच्या चौकात मिळेल. भिजलेली चादर दोघांनी धरून पिळायची असते. एकानं कितीही जोर लावला तरी दुसऱ्यानं टोक सैल सोडलं तर चादर नुसती फिरते, तिला पीळ बसत नाही. गाडीचंही असंच आहे. एका टोकाला इंजिन पिळतं, दुसरं टोक धरून ठेवतो तो टायर. टायरची पकड सुटेपर्यंत जेवढा जोर तो सहन करतो, तेवढाच पीळ मधल्या शाफ्टना आणि दात्यांना सोसावा लागतो. नव्या इंजिनासह अकराशे किलोची झालेली गाडी, त्यात चालक, आणि झटक्यात निघताना मागच्या चाकांवर आलेला जास्तीचा भार असा हिशेब केला, तर साधे टायर कोरड्या डांबरावर फार तर दोन हजार न्यूटन-मीटर धरून ठेवतील. त्यापुढे ते किंचाळत जागेवर फिरतात. इंजिनाची उरलेली सगळी मिजास धुरात जाते.

म्हणजे टायर हा या गाडीचा फ्यूज झाला! हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी कागदावरची आकडेमोड पुन्हा तपासली होती. डिफरेन्शियल इंजिनामुळे मोडतं असं आपण म्हणतो, पण बऱ्याचदा ते मोडतं ते रुंद, चिकट रबराचे टायर घातल्यावर. कारण आता चादरीचं दुसरं टोक घट्ट धरणारा कुणीतरी आलेला असतो.

आता क्लचकडे वळू, कारण साखळीतली पहिली कडी तीच. क्लच प्लेटच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचं अस्तर असतं. एका बाजूनं फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूनं प्रेशर प्लेट तिला दाबून धरतात. दाब, घर्षणाचा गुणांक, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि दोन बाजू यांचा गुणाकार केला की ती किती पीळ पेलेल ते कळतं. धरा, दाब 4,000 न्यूटन, गुणांक 0.3, त्रिज्या साडेसात सेंटिमीटर. उत्तर येतं 180. मूळच्या 136 ला हे भरपूर, 475 पुढे काहीच नाही. मग चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर पळतो, गाडी मात्र तिथेच. पाठोपाठ तो वास येतो. खंबाटकीच्या चढावर हाफ क्लचवर रखडलेल्या ट्रकच्या मागे उभं राहिलेल्याला तो वास वेगळा सांगायला नको. घसरण्यातून उष्णता, उष्णतेनं अस्तर काचेसारखं गुळगुळीत, गुळगुळीतपणामुळे आणखी घसरण.

घसरणाऱ्या क्लचला लोक शिव्या देतात. मला तो भला वाटतो. स्वतः जळून तो मागच्यांना वाचवतो. जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि धातूमिश्रित अस्तराचा कडक क्लच बसवला की ही दया संपते. इंजिन फिरवून ठेवून क्लचच्या पेडलवरून पाय एकदम उचलला, तर जड फ्लायव्हीलमध्ये साठलेलं सगळं फिरणं क्षणार्धात मागे आदळतं. तो धक्का इंजिनाच्या नेहमीच्या पिळापेक्षा मोठा असू शकतो. मग गिअरबॉक्समध्ये एकमेकांत अडकलेले दाते आपापल्या शाफ्टना दूर ढकलतात, शाफ्ट वाकतात, ॲल्युमिनियमचं घर ताणलं जातं. दाते पूर्ण रुंदीनं भिडायचं सोडून कडेवर भिडतात, आणि कडा तुटते. पहिल्या मियाटांचं छोटं डिफरेन्शियल तर बदनामच आहे. त्याचे क्राउन-पिनियन बदलण्यापेक्षा मोठं डिफरेन्शियल आणून बसवणं बरं पडतं.

काही दुखणी मात्र जोराची नसतात, मापाची असतात. परक्या इंजिनाला परका गिअरबॉक्स जोडताना क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत यावा लागतो. जाणकार लोक डायल गेज लावून बघतात आणि साधारण इंचाच्या पाच सहस्रांशांपर्यंतच फरक चालवून घेतात. म्हणजे 0.13 मिलिमीटर, वहीच्या पानापेक्षा जरा जाड. एवढंच चुकलं तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं पायलट बेअरिंग झिजतं, क्लच प्लेट वेडीवाकडी चालते, आणि मालक बिचारा नव्या क्लचला दोष देत बसतो. प्रोपेलर शाफ्टचंही तेच. त्याचा क्रॉसचा जॉइंट तिरका चालला की एका फेरीत दोनदा वेग घेतो, दोनदा सोडतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर एकाची चूक दुसरा खोडतो. नव्या इंजिनाची बैठक दोन अंशांनी कललेली असली की हे गणित फिसकटतं आणि ठरावीक वेगाला सगळी गाडी थरथरते.

पट्टीच्या माणसांना हे आधीपासून ठाऊक होतं. अमेरिकी शर्यतपटू कॅरोल शेल्बीच्या सांगण्यावरून इंग्लंडच्या एसी कंपनीनं 1962 मध्ये आपल्या नाजूक एस गाडीत फोर्डचं व्ही-8 घातलं आणि कोब्रा जन्माला आली. नाव झालं इंजिनाचं, पण गाडी टिकण्यासाठी तिथल्या मंडळींनी जुनं डिफरेन्शियल काढून जॅग्वार ई-टाइपला होतं तसं मजबूत सॅलिसबरी बसवलं होतं.

आणि शाफ्ट. पीळ सोसण्याची ताकद जाडीच्या घनानं वाढते. जाडी दहा टक्के वाढवा, ताकद तेहतीस टक्के वाढते. वीस टक्के वाढवा, जवळपास त्र्याहत्तर टक्के. म्हणून जुना आणि नवा अ‍ॅक्सल शेजारी ठेवले तर डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही.

शर्यतीतले काही मेकॅनिक नव्या अ‍ॅक्सलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवतात. शर्यत संपली की गाडी वर उचलून बॅटरीच्या उजेडात ती रेघ बघायची. पोलाद थोडंसं पिळून पुन्हा सरळ होतं, तोवर रेघही सरळ राहते. एखाद दिवशी ती जिन्याच्या कठड्यासारखी गोल वळत गेलेली दिसते. अ‍ॅक्सल अजून अखंड असतो, गाडी चालत असते. तो त्याच रात्री काढून टाकतात.